तांब्याची तार ओढताना: 8 मिमी रॉड ते 0.25 मिमी तार, क्रमाने आणि नेहमीच्या चुकांसकट

तार तुटली की ऑपरेटर काय करतो? जिथं तुटली तिथली डाय (जिच्या भोकातून ओढून तार बारीक करतात ती) काढतो, दिव्यासमोर धरतो, "ही गेलीये" म्हणतो, नवी बसवतो, परत सगळं ओवतो आणि वीस मिनिटांनी तार पुन्हा तिथंच तुटते. मग ऑइलवाल्याला फोन, मग रॉडवाल्याला शिव्या. मी स्वतः पहिली दोन वर्षं हेच केलं. ड्रॉइंगमध्ये, म्हणजे तार ओढण्याच्या कामात, तार जिथं तुटते तिथं दोष क्वचितच असतो, तो बहुतेक वेळा एक डाय मागे नाहीतर एक टप्पा मागे असतो, आणि ही एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मं स्क्रॅप आपोआप कमी होतं.

उदाहरणासाठी घरातल्या वायरिंगची 1.5 स्क्वेअर मिमीची फ्लेक्सिबल वायर घेतो, म्हणजे 0.25 मिमीच्या 30 तारा. 8 मिमी रॉड आधी ब्रेकडाऊन मशीनवर 1.60 मिमीला आणायचा, मग इंटरमिजिएट मशीनवर 1.60 वरून 0.25, तिथंच लाईनमध्ये अ‍ॅनिलिंग (तापवून मऊ करणं), आणि बॉबिनवर (तार गुंडाळायच्या रिळावर). तुमचा साईज वेगळा असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा 1: रॉड आत घेताना

ड्रॉइंगला येणारा बहुतेक रॉड ईटीपी कॉपरचा (विजेच्या कामाचं शुद्ध तांबं, त्यात किंचित ऑक्सिजन असतो), कंटिन्युअस कास्ट, 8 मिमी. कॉईल दोन ते चार टनांची असते आणि तिच्यासोबत टेस्ट सर्टिफिकेट येतं, ते फाईलला लावून विसरून जायचं ही पहिली चूक. सर्टिफिकेट त्या हीटचं (एका वेळी ओतलेल्या तांब्याचं) असतं, तुमच्या दारात उतरलेली कॉईल वाटेत भिजलीय का, क्रेनच्या हुकने तिला कुठं खाच पडलीय का, हे त्यात लिहिलेलं नसतं.

आम्ही प्रत्येक कॉईलचं सुरुवातीचं टोक कापून साधारण 250 मिमीचा तुकडा घेतो, त्याला एका दिशेने दहा पीळ द्यायचे, तेवढेच उलटे फिरवायचे आणि भिंगाखाली बघायचं. बारीक कुसळं उठली, पापुद्रे सुटले तर ती कॉईल बारीक साईजला टाकायची नाही, 1.60 किंवा त्याच्या वरच्याच कामाला ठेवायची. पावसाळ्यात प्लास्टिकच्या आत पाणी साचतं, त्या भागावर काळे हिरवे डाग दिसतात, ते वेढे सरळ काढून टाका. चार वेढे वाचवायला गेलात तर 0.25 ला पोहोचेपर्यंत तोच डाग काही किलोमीटर लांब झालेला असतो. खोटं वाटत असेल तर हिशोब करा: 8 मिमीचा 1 मीटर रॉड 0.25 ला 1024 मीटर होतो.

तपासा: कॉईल नंबर रजिस्टरमध्ये लिहिला का? पुढं तुटलेल्या टोकावर दोष दिसला तर कुठल्या कॉईलचा ते सांगता आलं पाहिजे, नाहीतर सप्लायर ऐकून घेत नाही, आणि त्याचंही बरोबरच असतं.

टप्पा 2: जोड मारणे

एक कॉईल संपत आली की तिची शेपटी पुढच्या कॉईलच्या तोंडाला बट वेल्डिंगने जोडायची. क्रम असा: दोन्ही टोकं खराब वेढे काढून काटकोनात कापायची, तेल पुसायचं, वेल्ड मारायचा, फुगलेला भाग कानशीने रॉडच्या लेव्हलला आणायचा, मग त्याच मशीनवर जोडाला मऊ करून घ्यायचं आणि शेवटी हाताने तीनचार वेळा वाकवून बघायचं.

पोरं वाकवून बघायचं टाळतात, कारण तुटला तर परत मारावा लागतो. अरे बाबा, इथं तुटला तर पाच मिनिटं जातात, आत आठव्या डायवर तुटला तर पाऊण तास!

सावधान: कानस मारताना रॉडच्या मापापेक्षा खोल जाऊ नका. बारीक झालेली जागा पहिल्या डायमध्ये नीट पकडलीच जात नाही आणि जोड तिथंच उघडतो. आणि जोडाचा भाग शक्यतो बारीक साईजला जाऊ देऊ नका, 1.60 च्या बॉबिनवर जोड कुठं आलाय त्याची खूण ठेवा.

टप्पा 3: इमल्शन (आपलं ते "सोप ऑइल")

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं, आणि सगळ्यात जास्त दोषही याच्याच माथी मारला जातो. इमल्शन म्हणजे पाण्यात मिसळलेलं ऑइल, त्याचं काम दोन प्रकारचं, डायमध्ये घसरण द्यायची आणि उष्णता काढून न्यायची. जाड रॉडला घसरण जास्त लागते म्हणून ऑइल जास्त, बारीक तारेला कमी. साधारण ब्रेकडाऊनला 8 ते 10 टक्के, इंटरमिजिएटला 4 ते 6, फाईनला 2-3. तुमच्या ऑइलच्या कंपनीचा चार्ट वेगळं सांगत असेल तर चार्ट खरा.

बनवायची पद्धत:

1. टाकी रिकामी करून तळाचा गाळ खरवडून काढा. तो गाळ म्हणजे तांब्याची पूड आणि साबण, जुन्या गाळावर नवं इमल्शन ओतणं म्हणजे नासलेल्या दुधात ताजं दूध घालणं.
2. पाणी आरओ किंवा डीएम (क्षार काढलेलं). बोअरचं नको, जड पाण्याने ऑइल फुटतं आणि वर पिवळट थर येतो.
3. आधी पाणी, मग ढवळत ढवळत हळूहळू ऑइल. उलटं केलं तर गुठळ्या होतात आणि त्या नोझलमध्ये जाऊन बसतात.
4. तासभर पंप फिरवा, मग रिफ्रॅक्टोमीटरने (ऑइलचं प्रमाण दाखवणाऱ्या यंत्राने) बघा आणि आलेलं रीडिंग त्या ऑइलच्या ठरलेल्या फॅक्टरने गुणा. हा गुणाकार विसरणारे सुपरवायझर मी डझनाने बघितलेत. रीडिंग 5 आलं म्हणून 5 टक्के धरून बसतात, फॅक्टर दीड असेल तर ते साडेसात असतं.

तापमान 35 ते 45 अंशांच्या मधे ठेवा, पीएच 8 ते 9. पीएच 8 च्या खाली घसरायला लागला की समजा आत जंतू वाढतायत. पुण्याजवळ भोसरीकडं कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, शुक्रवारी सकाळी शेडचं शटर वर केलं की नाकाला जो सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. उपाय साधा आहे, सुट्टीच्या दिवशीही सर्क्युलेशन पंप थोडा थोडा वेळ चालू ठेवायचा, हवा खेळली की वास येत नाही. सिक्युरिटीवाल्या काकांना सांगून ठेवलं तरी चालतं.

सावधान: तार तुटायला लागली की बादलीभर ऑइल टाकीत ओतायची सवय सोडा. बारीक साईजला ऑइल जास्त झालं की पूड खाली बसत नाही, ती तरंगत राहते आणि परत डायच्या तोंडात येते.

टप्पा 4: डाय सेट लावणे

इथं जरा थांबणार आहे, कारण खरी गंमत इथंच आहे.

स्लिप टाईप मशीनमध्ये प्रत्येक डायनंतर एक कॅप्स्टन (तार ओढून घेणारा फिरता ड्रम) असतो आणि प्रत्येक कॅप्स्टन आधीच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त वेगाने फिरतो. याला मशीनचं इलाँगेशन म्हणतात, ते गिअरमध्ये ठरलेलं असतं, तुम्ही बदलू शकत नाही. आपल्या उदाहरणातलं इंटरमिजिएट मशीन 20 टक्क्यांचं धरू. आता डाय सेटचं इलाँगेशन, म्हणजे प्रत्येक डायमध्ये तार जेवढी लांब होते ते प्रमाण, मशीनपेक्षा थोडं जास्त हवं, समजा साडेएकवीस टक्के. हा जो फरक आहे त्यामुळे कॅप्स्टन तारेपेक्षा जरा जोरात फिरतो, तार त्याच्यावर घसरत राहते, आणि ती घसरण हीच आपली सेफ्टी.

(इलाँगेशन हा शब्द पुढं अ‍ॅनिल केलेल्या तारेच्या टेस्टलाही येतो, तिथं अर्थ वेगळा, तुटेपर्यंत तार किती ताणली जाते तो. नवीन पोरांचा इथं हमखास गोंधळ होतो.)

सेटचा हिशोब शेवटून सुरू करायचा, सुरुवातीपासून नाही. शेवटची डाय 0.250. तिला 1.215 च्या वर्गमुळाने, म्हणजे 1.1023 ने गुणत मागे जा: 0.276, 0.304, 0.335, 0.369, 0.407, 0.448, असं करत करत एकोणीस वेळा गुणलं की 1.59 येतं. म्हणजे 1.60 च्या तारेला एकोणीस डाय, पहिली डाय किंचित जास्त खाईल, चालतं.

घसरण पण मागे मागे साठत जाते, हे लक्षात घ्या. एका टप्प्याला सव्वा टक्का, पण शेवटच्या कॅप्स्टनपासून अठरा टप्पे मागे पहिल्या कॅप्स्टनवर ती जवळजवळ 25 टक्के होते. म्हणून पहिले कॅप्स्टन लवकर घासतात, त्यांच्यावर चरे पडतात आणि तारेला ओरखडे येतात. शेवटचे कॅप्स्टन चकचकीत बघून सगळं ठीक आहे असं समजू नका, पहिल्या तिघांवर नख फिरवून बघा. मशीन पूर्ण बंद करून, हे सांगायला नको, तरी सांगतो.

आता सुरुवातीला म्हटलं ते, एक डाय मागे. समजा 0.369 ची डाय झिजून 0.375 झाली. फक्त सहा मायक्रॉन. आता 0.407 वरून 0.375 ला येताना तार साडेएकवीसऐवजी साडेसतरा-अठरा टक्केच लांब होते, म्हणजे मशीनच्या 20 च्या पण खाली. आणि राहिलेलं सगळं काम पुढच्या 0.335 च्या डायवर पडतं, तिथं साधारण साडेपंचवीस टक्के. ती बिचारी एकदम नवीकोरी असेल, पण तारेवर ताण तिथं वाढला, आणि जरा कुठं जोड किंवा कण आला की तार त्याच डायच्या पुढं तुटते. ऑपरेटर 0.335 ची डाय काढून फेकतो. दुसरी नवी लावतो. परत तुटते. आमच्याकडं एका नाईट शिफ्टला अशा तीन चांगल्या डाय कचऱ्यात गेल्या होत्या, सकाळी आमच्या जुन्या मामांनी येऊन कुठलीच डाय न काढता फक्त प्रत्येक डायच्या पुढची तार कापून काट्यावर ठेवली आणि दहा मिनिटांत सांगितलं, "पोरांनो, चोर शेजारच्या घरात आहे."

मामांची पद्धत हीच सगळ्यात भरवशाची. तांब्याच्या तारेचं 1 मीटरचं वजन ग्रॅममध्ये = 6.98 × व्यास × व्यास (व्यास मिमीमध्ये). 0.369 ला 0.950 ग्रॅम, 0.375 ला 0.982. मायक्रोमीटरवर सहा मायक्रॉन हाताच्या दाबात हरवतात, काट्यावर हरवत नाहीत. बारीक साईजला 10 मीटर तार मोजून घ्या म्हणजे चूक अजून कमी.

डाय बसवताना बघायच्या गोष्टी:

1. रुंद तोंड तार येते त्या बाजूला. हसू नका, उलटी बसवलेली डाय मी स्वतः काढलीय.
2. भिंगातून आतल्या उतारावर गोल कडं दिसतंय का? तार पहिल्यांदा जिथं टेकते तिथं झिजेचं वळ उठतं. माप अजून बरोबर असलं तरी वळ खोल झालं की डाय पॉलिशला पाठवा, माप सुटेपर्यंत थांबू नका.
3. कोन. तांब्याला एकूण 16 ते 18 अंश ठीक चालतो. रिकट करून (भोक मोठ्या मापाचं करून) आलेली डाय नेहमी तपासा, काही ठिकाणी घाईत कोन मोठा करून देतात, आणि मोठा कोन, कमी रिडक्शन (एका डायमध्ये तार बारीक होण्याचं प्रमाण) असं जमलं की तारेच्या पोटात भेगा पडायला लागतात.
4. होल्डरमध्ये कचरा नको. एक कण खाली अडकला की डाय तिरकी बसते, तार एका बाजूने घासते आणि अंडाकार होते.

तपासा: सगळा सेट एका ओळीत टेबलावर मांडून नंबर मोठ्याने वाचा, दुसऱ्याने चार्टवर टिक करायची. एकट्याने करू नका. 0.304 आणि 0.340 ची अदलाबदल एकट्या माणसाकडूनच होते.

टप्पा 5: टोक काढणे आणि ओवणे

रॉडचं टोक पॉइंटिंग मशीनच्या रोलमधून फिरवत फिरवत बारीक करायचं, डायमधून हातभर बाहेर येईल एवढं. टोक चपटं झालं तर ते डायच्या आत कडेला घासतं, कार्बाईड डाय असेल तर कड उडू शकते. म्हणून प्रत्येक खेपेला टोक पाव वेढा फिरवून परत रोलमध्ये घाला.

मग डाय घाला, चिमट्याने पकडा, जॉगवर (पेडल दाबून मशीन थोडं थोडं चालवत) ओढा, कॅप्स्टनवर वेढे घ्या, तार कापा, परत टोक, पुढची डाय. हे सोनाराच्या जंतरासारखंच आहे, फक्त सोनार एका भोकातून ओढून मग दुसऱ्यात घालतो, आपल्याला सगळी भोकं एकाच वेळी चालवायची आहेत.

वेढे किती? मशीनच्या पुस्तकात लिहिलेले तेवढेच. तार सरकतेय असं वाटलं की पोरं एक वेढा वाढवतात. वेढा वाढला की पकड वाढते, पकड वाढली की घसरण होत नाही, आणि मग थोडा जरी फरक पडला तर कॅप्स्टन तारेला सोडतच नाही, वेढे एकमेकांवर चढतात आणि गुंता होतो.

सावधान: जॉगचं पेडल आणि तार एकाच माणसाकडं असली पाहिजे. एक ओवतोय आणि दुसरा पेडलवर, यात बोटं जातात. फिरत्या कॅप्स्टनजवळ सुती हातमोजे नकोत, तार मोज्यासकट हात ओढून घेते. आणि गार्ड उघडा ठेवून चालवायला लिमिट स्विचला टेप लावलेली दिसली तर ती काढूनच पुढचं काम. तुटलेली तार चाबकासारखी येते, डोळ्यावर गॉगल हवाच.

टप्पा 6: मशीन चालू करणे

क्रम: आधी इमल्शन पंप, प्रत्येक डायवर फवारा बसतोय का ते डोळ्याने बघा, मग पे-ऑफ (तार सोडणारा स्टँड) आणि डान्सर (ताण सांभाळणारी हलती कप्पी), मग कमी स्पीड. पहिली पाच मिनिटं कमी स्पीडलाच. थंड इमल्शनवर एकदम फुल स्पीड दिला की पहिल्या काही डाय कोरड्याच ओढतात. नंतर टप्प्याटप्प्याने वाढवा, प्रत्येक टप्प्याला कानाने ऐका. नीट चाललेल्या मशीनचा आवाज सलग असतो. मधे टकटक आली तर वेढा चढलाय किंवा डायमध्ये काहीतरी अडकलंय.

एखादा नोझल बंद असेल तर त्या डायचं काही मिनिटांत वाटोळं होतं. दर शिफ्टला नोझलमध्ये सळी घालून बघणं हे काम हेल्परला नेमून द्या, नावासकट.

टप्पा 7: अ‍ॅनिलिंग

ओढून ओढून तार कडक झालेली असते. लाईन अ‍ॅनिलरमध्ये तारेतूनच करंट सोडून तिला तापवतात, वाफेत किंवा नायट्रोजनमध्ये ठेवतात म्हणजे काळी पडत नाही, आणि लगेच पाण्यात थंड करून हवेने पुसतात.

इथं क्रम चुकवू नका: आधी वाफ आणि थंड पाणी, मग तार चालू, मग करंट. बंद करताना उलटं. लाईट गेली की तार आत जागेवर थांबते आणि जळते, लाईट आल्यावर तो तुकडा काढून टाकायचा, तसाच बॉबिनवर गुंडाळायचा नाही.

नेहमीची चूक: स्पीड वाढवला म्हणून व्होल्टेज त्याच प्रमाणात वाढवायचं. हिशोब तसा नाही. उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर जाते, त्यामुळे स्पीड दुप्पट केला तर व्होल्टेज साधारण 1.4 पट लागतं. दुप्पट दिलं तर तार लोण्यासारखी होते, तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो आणि बॉबिनवर वेढे एकमेकांना चिकटतात.

दुसरी चूक, तार कडक आली की डोळे मिटून व्होल्टेज वाढवणे. आधी कॉन्टॅक्ट रिंग बघा. निकेलच्या रिंगवर खड्डे पडले असतील, ठिणग्या उडत असतील, तर करंट नीट जातच नाही. ठिणगीने तारेवर बारीक खड्डे पडतात आणि पुढं बंचिंगला (अनेक तारा एकत्र पिळताना) तार तिथं तुटते. बंचिंगवाला ड्रॉइंगला शिव्या देतो, ड्रॉइंगवाला रॉडला, आणि खरा चोर मधल्या रिंगवर बसलेला असतो. परत तेच, एक टप्पा मागे.

अ‍ॅनिलरमध्ये तार गरम असताना ताणली पण जाते, त्यामुळे बाहेर येणारी तार शेवटच्या डायपेक्षा मायक्रॉन-दोन मायक्रॉन बारीक असू शकते. वर हिशोबाला सोपं पडावं म्हणून मी 0.250 धरलं, प्रत्यक्षात शेवटची डाय तेवढ्या अंदाजाने जराशी मोठी घ्या.

सावधान: ईटीपी कॉपरला हायड्रोजन असलेल्या गॅसमध्ये तापवू नका. तांब्यातल्या ऑक्सिजनशी हायड्रोजनचं पाणी होतं, आतल्या आत वाफ होते आणि तार ठिसूळ पडते. बाहेरून चकचकीत, वाकवली की मोडते.

टप्पा 8: पहिली बॉबिन पास करणे

स्पूलरवर (बॉबिनवर तार गुंडाळणाऱ्या मशीनवर) ट्रॅव्हर्सच्या, म्हणजे तार इकडून तिकडं फिरते त्या पट्ट्याच्या, दोन्ही कडा बघा, कडेला खड्डा पडत असेल तर वरचे वेढे आत घसरतात आणि पुढच्या मशीनवर तार अडकते, ढीग होत असेल तर कडेचे वेढे कोसळतात. ताण फार ठेवला तर तार बारीक होते, फार ढिला ठेवला तर वेढे आत रुततात.

मग टेस्ट:

1. व्यास, एकाच जागी दोनदा, दुसऱ्यांदा तार पाव वेढा फिरवून. फरक पडला तर शेवटची डाय तिरकी आहे किंवा झिजलीय.
2. 10 मीटर वजन. 0.25 ला 4.36 ग्रॅम आलं पाहिजे. 0.245 असेल तर 4.19 येतं. पाच मायक्रॉन म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तांबं 4 टक्के कमी झालं, आणि 30 तारा मिळून रेझिस्टन्सही तेवढाच वाढला.
3. इलाँगेशन, म्हणजे ताणून तुटेपर्यंतचं. 0.25 ला आम्ही 20 ते 25 टक्क्यांच्या आसपास ठेवतो, तुमच्या कस्टमरचा आकडा वेगळा असेल तर तो धरा.
4. रेझिस्टन्स. 0.25 च्या 1 मीटरला 20 अंशांवर साधारण 0.351 ओहम.

या चौथ्या टेस्टमध्ये दर उन्हाळ्यात कुणीतरी फसतं. मे महिन्यात शेडमध्ये 38 अंश असतात, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला 0.39 टक्क्याने वाढतो, म्हणजे तीच चांगली तार 7 टक्के जास्त दाखवते, 0.376. आमच्याकडं एका नवीन क्वालिटीवाल्याने एका दुपारी बारा बॉबिना लाल टॅग लावून बाजूला काढल्या होत्या. "साहेब, सगळं फेल येतंय!" त्याला विचारलं टेंपरेचर किती धरलंस, तर म्हणे मीटरमध्ये आपोआप होत असेल ना. मीटरवर ते सेटिंग होतं, पण बंद होतं. रीडिंगला 1.07 ने भागलं, सगळ्या पास. आणि थंडीत याच्या उलट होतं, फेल तार पास होऊन बाहेर जाते, ते जास्त महागात पडतं. 1.5 स्क्वेअरच्या क्लास 5 (फ्लेक्सिबल) कंडक्टरला 20 अंशांवर किलोमीटरला 13.3 ओहम ही कमाल मर्यादा आहे, ती कायम 20 अंशांचीच, तुमच्या शेडची नाही.

टप्पा 9: तार तुटली तर

लगेच ओवायला घेऊ नका. दोन मिनिटं द्या, दोन्ही टोकं शोधा आणि दहापट भिंगाखाली धरा.

एका टोकाला खळगा आणि दुसऱ्याला सुळका, म्हणजे पोटातून फाटलंय: डायचा कोन मोठा, त्या टप्प्याला रिडक्शन फार कमी, किंवा रॉडच्या मध्यभागीच दोष. टोक लांब निमुळतं होऊन तुटलं तर ताण जास्त झाला: मागची डाय झिजलीय, कॅप्स्टनवर वेढा चढलाय किंवा फवारा बंद. टोकात काळा किंवा चमकणारा कण दिसला तर बाहेरची वस्तू, लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर लोखंड आहे आणि ते तुमच्याच शेडमधल्या गाइड रोलरचंही असू शकतं, रॉडवाल्याला फोन करायच्या आधी ते बघा. एका बाजूने पापुद्रा सुटून तुटलं तर रॉडची साल किंवा पे-ऑफला घासलेली जागा. आणि तुटलेली जागा सपाट, दाणेदार असेल तर बहुतेक जोड.

टोकं फेकू नका. आमच्याकडं एक साधी शाळेची वही आहे, तिच्यात तुटलेलं टोक सेलोटेपने चिकटवायचं आणि शेजारी तारीख, शिफ्ट, कॉईल नंबर, कितव्या डायनंतर तुटलं, एवढं लिहायचं. सुरुवातीला पोरांना हा वेडेपणा वाटला. महिन्याभराने वही उघडली तर चौदातली नऊ टोकं एकाच मशीनच्या एकाच डायनंतरची, सगळी निमुळती. म्हणजे मागच्या डायचं होल्डर वाकलेलं होतं, त्यात कुठलीही नवी डाय घातली तरी ती तिरकीच बसणार होती.

टप्पा 10: बॉबिन ठेवणे

तयार बॉबिनला उघड्या हाताने तारेवर धरून उचलायचं नाही, घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत तपकिरी होऊन उमटतात. तार अ‍ॅनिलरमधून बाहेर येताना कोमट आणि कोरडी हवी, ओली गुंडाळली की आतल्या थरांना काळे पट्टे पडतात जे वरून दिसत नाहीत आणि कस्टमरच्या मशीनवर दिसतात. गरम बॉबिन लगेच प्लास्टिकमध्ये बंद करू नका, आत घाम सुटतो, तासदोन तास मोकळी ठेवा, मग गुंडाळा. जुलै-ऑगस्टमध्ये शेडचं दार जिथं उघडतं तिथून दहा फूट तरी लांब रचा. टॅगवर साईज, वजन, मशीन आणि कॉईल नंबर, आणि तारेचं सुटं टोक फ्लँजच्या (बॉबिनच्या कडेच्या चकतीच्या) भोकात घालून बांधलेलं. हे टोक सुटलं तर बंचिंगवाला ते शोधायला वरचे वेढे उलटेपालटे करतो, तार एकमेकांखाली जाते, आणि मग तो सांगत येतो की तुमच्या ड्रॉइंगची तार तुटते.